आमरीची घरे : सह्याद्रीपासून लक्ष्मी तालापर्यंत

प्रस्तावना

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातील एखाद्या जुन्या आंब्याच्या फांदीवर जांभळट-पांढऱ्या फुलांचा लांबलचक घोस लोंबताना दिसतो. झाड आंब्याचे, परंतु फूल आंब्याचे नव्हे. हे फूल आहे आमरीचे. इंग्रजीतून आलेला ‘ऑर्किड’ हा शब्द आज मराठीत रुळला असला, तरी मराठीत या वनस्पतींना ‘आमर’ किंवा ‘आमरी’ असे म्हणतात. शहरातील फुलांच्या दुकानात मिळणारी महागडी ऑर्किडची फुले बहुतेकांनी पाहिलेली असतात. पण आपल्या डोंगरांत, माळांवर, इतकेच नव्हे तर तळ्याच्या काठच्या गवतातही रानटी आमरी फुलते, याची जाणीव फार थोड्यांना असते. प्रस्तुत पाठात रानटी आमरीचा अधिवास, म्हणजे तिचे राहण्याचे ठिकाण, आणि तिची विविधता यांचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• आमरीची ठळक वैशिष्ट्ये सांगता येतील;
• झाडावर वाढणाऱ्या आणि जमिनीवर वाढणाऱ्या आमरींतील फरक स्पष्ट करता येईल;
• सह्याद्री व बुंदेलखंड या दोन प्रदेशांतील आमरींच्या संख्येत फरक का पडतो, याची कारणे देता येतील;
• आमरीचे संरक्षण म्हणजे तिच्या अधिवासाचे संरक्षण, हे विधान उदाहरणांनी पटवून देता येईल.

मूळ पाठ

१. एक वाट आणि अनेक प्रदेश

झाशी शहराच्या पूर्वेस लक्ष्मी ताल नावाचे जुने तळे आहे. काठावर महालक्ष्मीचे मंदिर आहे आणि जवळच झाशीचे राजे गंगाधरराव यांची छत्री आहे. गंगाधररावांचे निधन १८५३ साली झाले. त्यांच्या पत्नी राणी लक्ष्मीबाई यांचे नाव पुढे साऱ्या देशाला परिचित झाले. झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे कोकणातले. अठराव्या शतकात मराठी सत्तेबरोबर कोकण-देशावरची अनेक कुटुंबे या बुंदेलखंडात येऊन स्थायिक झाली.

१८५७ साली कोकणातील वरसई या गावाहून विष्णुभट गोडसे नावाचे भिक्षुक उत्तरेकडे निघाले आणि फिरत फिरत झाशीत पोचले. तेथील युद्धकाळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. इतिहासाचा साक्षीदार म्हणून तो मोलाचा आहे. पण त्या प्रवासाकडे निसर्गाच्या अभ्यासकाच्या दृष्टीनेही पाहता येते. कोकणची दमट हवा, सह्याद्रीचे धुक्याने भरलेले घाट, दख्खनचे उघडे पठार, सातपुड्याच्या दऱ्या, माळव्याची काळी जमीन आणि शेवटी बुंदेलखंडातील तापलेले खडक, असे एकामागून एक प्रदेश या वाटेवर लागतात. प्रत्येक ठिकाणी पाऊस वेगळा, माती वेगळी, झाडे वेगळी. त्यामुळे आमरीही वेगळी. कोकण ते झाशी ही वाट म्हणजे आमरीच्या घरांचा एक नकाशाच आहे. तो वाचण्यापूर्वी आमरी म्हणजे काय, हे समजून घेऊ.

२. आमरीची ओळख

सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी आमर हे एक कुल आहे. जगभरात तिच्या सुमारे २८,००० जाती असल्याचे मानले जाते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीनुसार भारतात आमरीच्या १,२५६ जाती आढळतात. त्यांपैकी ३८८ जाती भारताबाहेर कोठेही नैसर्गिकरीत्या उगवत नाहीत. अशा जातींना ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणतात. या प्रदेशनिष्ठ जातींपैकी जवळजवळ एकतृतीयांश पश्चिम घाटात आहेत. महाराष्ट्रात आमरीच्या शंभराहून अधिक जातींची नोंद आहे.

रूप कितीही भिन्न असले, तरी आमरीचे फूल ओळखण्याची एक सोपी खूण आहे. फुलाच्या तीन पाकळ्यांपैकी एक पाकळी इतर दोघींहून निराळी असते. ती कधी पसरट, कधी झालरीची, कधी पिशवीसारखी, तर कधी मागे लांब शेपटी असलेली असते. या पाकळीला ‘ओष्ठ’ म्हणजे ओठ असे म्हणतात. फुलावर येणाऱ्या कीटकाला उतरण्यासाठी तो जणू ओटाच असतो. दुसरी खूण परागांची. इतर फुलांत पराग पिठासारखा सुटा असतो. आमरीत मात्र तो लहान लहान गोळ्यांच्या रूपात एकत्र चिकटलेला असतो. कीटक मध पिऊन परतताना हा सबंध गोळा त्याच्या अंगाला चिकटतो आणि पुढच्या फुलावर जाऊन पोचतो.

आमरीचे बी हा तर निसर्गातील एक आश्चर्याचा विषय आहे. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. त्या धुळीइतक्या सूक्ष्म असून वाऱ्याबरोबर दूरवर जातात. परंतु गहू किंवा हरभरा यांच्या दाण्यात कोंबासाठी जी शिदोरी साठवलेली असते, ती आमरीच्या बियांत नसते. मग हे बी रुजते कसे? माती किंवा सालीतील विशिष्ट सूक्ष्म बुरशी बियांत शिरते आणि तिच्याकडून मिळणाऱ्या अन्नावर कोवळा अंकुर वाढतो. फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार्ड यांनी १८९९ साली ही गोष्ट प्रथम उलगडून दाखवली. ती बुरशी जेथे नाही, तेथे लाखो बिया पडल्या तरी एकही रोप उभे राहत नाही. म्हणून आमरीच्या घरात एक अदृश्य सोबती नेहमी राहत असतो, असे म्हणावे लागते.

पाठगत प्रश्न – १
(अ) रिकाम्या जागा भरा.
१. आमरीच्या फुलातील निराळ्या पाकळीला ______ म्हणतात.
२. भारतात आमरीच्या ______ जाती आढळतात.
(आ) आमरीचे बी रुजण्यासाठी बुरशी का आवश्यक असते?

३. झाडावरचे बिऱ्हाड

भारतातील आमरींपैकी सुमारे साठ टक्के जाती झाडांवर वाढतात. अशा वनस्पतींना ‘अपिवनस्पती’ म्हणतात. झाडावर वाढते म्हणून आमरीला बांडगूळ समजण्याची चूक पुष्कळदा होते. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या आत घुसवते आणि त्याचा रस शोषून घेते. आमरी मात्र झाडाच्या सालीला केवळ बिलगून राहते. तिला झाडाकडून अन्न नको असते. हवी असते ती बसायला जागा आणि थोडा उजेड. घनदाट रानात जमिनीवर ऊन पोचत नाही, म्हणून ती उंच फांदीवर बिऱ्हाड करते. ती घरमालकाचे धान्य खाणारी नव्हे. केवळ ओसरीवर राहणारी भाडेकरू आहे.

परंतु फांदीवर माती नाही, पाण्याचा साठा नाही. पाऊस थांबला की पाणी संपले. या अडचणीवर आमरीने नाना उपाय शोधले आहेत. तिच्या हवेत लोंबणाऱ्या मुळांवर पांढऱ्या, सच्छिद्र थराचे वेष्टण असते. टीपकागदाप्रमाणे हा थर पावसाचे व दवाचे पाणी चटकन शोषून घेतो. भिजल्यावर मुळे हिरवट दिसू लागतात. काही जातींची पाने जाड व चिवट असतात. दिवसा उन्हात पानांची छिद्रे उघडली तर पाणी उडून जाईल. म्हणून अशा अनेक जाती ती छिद्रे रात्री उघडून हवा आत घेतात. डेंड्रोबियम वंशातील आमरी आपल्या फुगीर खोडात पाणी साठवतात. सह्याद्रीतील ‘डेंड्रोबियम बार्बाट्युलम’ ही जाती कोरड्या ऋतूत पाने गाळून टाकते आणि निष्पर्ण खोडावर पांढऱ्या फुलांचे झुपके मिरवते. पान टाकून फूल राखण्याचा हा तिचा बेत आहे.

कोणत्या झाडावर राहावे, हेही आमरीच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. आंबा, फणस, ऐन यांसारख्या झाडांची साल खरबरीत किंवा भेगाळ असते. तिच्या खाचांत ओल टिकते, पालापाचोळ्याची भुकटी साठते, बुरशी वाढते आणि बी अडकते. याउलट ज्या झाडांची साल गुळगुळीत असते किंवा वरचेवर सोलून पडते, त्यांवर आमरीला बस्तान बसवता येत नाही. शिवाय झाड जितके जुने, तितकी त्यावरील आमरी अधिक. फांदीवर आमरीची वसाहत व्हायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणूनच कोकणातील देवरायांमध्ये, जेथे देवाच्या नावाने पिढ्यान्पिढ्या कुऱ्हाड चालली नाही, तेथे अपिवनस्पतींची दाटी दिसते.

सुरुवातीला उल्लेखिलेला लांब घोस ‘रिंकोस्टायलिस रेटुसा’ या जातीचा आहे. तिला ‘सीतेची वेणी’ असे सुंदर नाव आहे. ‘एरिडीस’ वंशातील गुलाबी फुलांच्या आमरीलाही काही भागांत हेच नाव देतात. एकाच नावाने दोन वनस्पती आणि एका वनस्पतीला दोन नावे, असा घोटाळा लोकव्यवहारात होतो. तो टाळण्यासाठीच शास्त्रीय नावांचा उपयोग असतो. हीच रिंकोस्टायलिस आसामात ‘कोपौ फूल’ म्हणून ओळखली जाते. ते आसामचे राज्यपुष्प आहे आणि बिहूच्या सणात तेथील तरुणी ते केसांत माळतात. कोकण आणि आसाम यांच्यात हजाराहून अधिक मैलांचे अंतर आहे. पण दोन्हीकडच्या लोकांना या फुलाकडे पाहून वेणीच आठवली.

४. माळावरचे आणि कातळावरचे घर

सगळ्याच आमरी झाडावर राहत नाहीत. भारतातील सुमारे साडेचारशे जाती जमिनीवर वाढतात. त्यांना ‘भूआमरी’ म्हणता येईल. साताऱ्याजवळचे कास पठार हे त्यांचे एक प्रसिद्ध ठिकाण. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असलेले हे पठार जांभ्या खडकाचे आहे. खडकावर मातीचा थर इतका पातळ की मोठे झाड तेथे मूळ धरू शकत नाही. पावसाळ्यात पठार पाण्याने निथळते आणि उन्हाळ्यात भाजून निघते. अशा कठोर जागी टिकायचे तर जमिनीखाली लपून बसणे हाच मार्ग. भूआमरी तेच करते. वर्षातील बहुतेक महिने ती कंदाच्या रूपात मातीत निद्रिस्त असते. पहिल्या पावसाबरोबर ती जागी होते, पान उलगडते, फुलते, बी उधळते आणि पाऊस ओसरताच पुन्हा जमिनीत विसावते.

हबेनेरिया हा या पठारांवरचा मोठा वंश आहे. ‘हबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस’ ही जाती पावसाळ्याच्या आरंभीच फुलते. तिचे पान जमिनीला चिकटून पसरलेले असते आणि त्यातून पांढऱ्या फुलांची दांडी वर येते. ‘हबेनेरिया हेनेआना’ची फुले दांडीच्या एकाच अंगाला ओळीने येतात. दात घासण्याच्या ब्रशासारखी दिसतात, म्हणून पर्यटकांत ती ‘टूथब्रश ऑर्किड’ या नावाने लोकप्रिय झाली आहे. एका जातीच्या शास्त्रीय नावात तर पाचगणीचेच नाव आहे – ‘हबेनेरिया पंचगणीएन्सिस’. तिचे फूल हिरवट असल्याने गवतात सहज नजरेला पडत नाही. नेत्रसुखासाठी आलेला प्रवासी तिच्यावरून पुढे निघून जातो. अभ्यासकासाठी मात्र ती या प्रदेशाची खास ठेव असते.

यूलोफिया वंशातील भूआमरीला मराठीत ‘अमरकंद’ म्हणतात. तिचा कंद आदिवासी भागांत अन्न आणि औषध म्हणून वापरला जातो. गरजेपुरता कंद काढून बाकीचे राखण्याची जुनी रीत होती. परंतु बाजारासाठी कंद उपसला जाऊ लागला, की फुलण्यापूर्वीच रोपाचा वंश खुंटतो. कारण कंद काढणे म्हणजे आमरीचे वर्षभराचे घर खणून नेणे होय.

याखेरीज एक तिसरा, विलक्षण गट आहे. एपिपोजियमसारख्या काही आमरींना हिरवी पानेच नसतात. रानातील कुजणाऱ्या पाचोळ्यातील बुरशीवर त्या जन्मभर अवलंबून राहतात आणि केवळ फुलण्यापुरत्या जमिनीवर डोकावतात. भारतात अशा ४३ जाती आहेत. पाचोळा पेटवून दिला की या आमरीचे अन्न आणि घर, दोन्ही एकदमच जळते.

पाठगत प्रश्न – २
(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. आमरी ज्या झाडावर राहते, त्या झाडाचा रस शोषून घेते.
२. भूआमरी वर्षातील बराच काळ कंदाच्या रूपात जमिनीखाली असते.
(आ) जुन्या झाडांवर आमरी अधिक का आढळतात?

५. लक्ष्मी तालाच्या काठी

आता कोकणातून निघालेली वाट झाशीला आणून पोचवू. सह्याद्रीच्या माथ्यावर, उदाहरणार्थ आंबोलीस, वर्षाला ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. झाशीचा वार्षिक पाऊस साधारण ८५० ते ९०० मिलिमीटर आहे. परंतु केवळ पावसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. पुण्याचा पाऊस झाशीपेक्षाही कमी, सुमारे ७०० मिलिमीटर आहे. तरी पुण्यापासून थोड्या अंतरावरील घाटांत आमरी विपुल आहेत. खरा प्रश्न असा असतो की पाऊस संपल्यावर हवेत ओल किती महिने टिकते? सह्याद्रीला समुद्राचे दमट वारे, धुके व दव यांचा आधार मिळतो. झाशी समुद्रापासून दूर आहे. उन्हाळ्यात तेथे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते, ‘लू’ नावाचा होरपळणारा वारा वाहतो आणि ग्रॅनाइटचे खडक रात्रीपर्यंत तापलेले राहतात. फांदीवरच्या उघड्या मुळांसाठी ही मोठीच कसोटी असते. वाटेत सातपुड्यातील पचमढीसारख्या उंच, गार दऱ्यांत आमरीच्या जाती पुन्हा वाढतात. दऱ्या संपून मैदान लागले की त्या झपाट्याने घटतात.

तरीही बुंदेलखंडासारख्या मुलखात टिकून राहण्याइतकी चिवट अशी एक आमरी आहे. तिचे नाव ‘वांडा टेसेलाटा’. भारताच्या कोरड्या पानझडी वनांत ती दूरवर पसरलेली आहे. आंबा, मोह अशा झाडांवर ती राहते. अरुंद, जाड, पन्हळीसारखी दुमडलेली पाने आणि दोरखंडासारखी मुळे ही तिची ओळख. फूल पिवळसर-हिरव्या रंगाचे असून त्यावर तपकिरी रेषांची चौकडी असते आणि ओष्ठ निळसर-जांभळा असतो. ‘टेसेलाटा’ म्हणजे चौकड्यांची. ‘वांडा’ हा शब्द तर आपल्याच घरचा आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींना संस्कृतात ‘वंदा’ म्हणत. सर विल्यम जोन्स यांनी तो शब्द उचलला आणि तो जगाच्या शास्त्रीय परिभाषेत जाऊन बसला. या आमरीची मुळे काही प्रांतांत ‘रास्ना’ या नावाने औषधात वापरतात.

दुसरी जाती अगदी निराळ्या घरात राहते. ‘झ्यूक्सिन स्ट्रॅटुमॅटिका’ ही वीतभर उंचीची भूआमरी मैदानी प्रदेशांत ओलसर गवताळ जागी, तळ्यांच्या व कालव्यांच्या काठी वाढते. तिची पाने गवताच्या पात्यासारखी असल्यामुळे फुले येईपर्यंत ती ओळखूच येत नाही. हिवाळ्यात तिच्या शेंड्यावर इवलीशी पांढरी फुले येतात. त्यांचा ओष्ठ पिवळा असतो. कोरड्या प्रदेशात लक्ष्मी तालासारख्या तळ्याचे महत्त्व येथे ध्यानात येते. तळे केवळ पाणी साठवत नाही; ते आपल्या काठाभोवती ओलाव्याचे एक लहानसे राज्य निर्माण करते. काठावरची झाडे, त्यांची सावली आणि दलदलीची गवताळ पट्टी ही नाजूक जिवांची आश्रयस्थाने असतात. काठ सिमेंटने बांधून काढला, पाण्यात सांडपाणी सोडले, भोवतालची जुनी झाडे तोडली, तर पाणी दिसत राहते. पण ते राज्य संपते. सह्याद्रीत आमरीला शंभर घरे आहेत, बुंदेलखंडात मोजकीच. जेथे घरे मोजकी असतात, तेथे एकेका घराचे मोल अधिक असते.

६. घर राखले तर फूल राहील

फूल आवडले म्हणून रोप उपटून घरी आणावे, असे अनेकांना वाटते. रानातील आमरी कुंडीत लावली की काही दिवस ती हिरवी दिसते आणि मग हळूहळू सुकते. तिला तिची हवा, तिची बुरशी आणि तिचा कीटक मिळत नाही. व्हॅनिलाचे उदाहरण येथे बोलके आहे. आइस्क्रीममध्ये सुवास आणणारी व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोच्या परिसरातील आमरी. तिचे वेल हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर नेले, ते वाढले, फुलले. पण शेंगा धरेनात, कारण तिचे परागण करणारे कीटक तेथे नव्हते. १८४१ साली तेथील एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने हाताने परागण करण्याची सोपी रीत शोधली. आजही जगभरातील बहुतेक व्हॅनिला त्याच रीतीने पिकते. एका कीटकाची उणीव भरून काढण्यासाठी माणसाला प्रत्येक फुलाजवळ जावे लागते! रानात हे काम कोण करणार?

बाजारातील ऑर्किडची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील लुईस नुडसन यांनी १९२२ साली साखर आणि क्षार घातलेल्या माध्यमात, बुरशीविना आमरीचे बी रुजवून दाखवले. त्यानंतर प्रयोगशाळेत रोपे तयार करण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. हौसेसाठी अशी लागवडीची रोपे घेता येतात; रानाला हात लावण्याचे कारण उरत नाही.

कायद्यानेही आमरीला संरक्षण दिले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात निळी वांडा, तांबडी वांडा यांसारख्या दुर्मीळ आमरींचा समावेश आहे. दुर्मीळ जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार १९७५ पासून अमलात आला. आमरीचे संपूर्ण कुल त्याच्या कक्षेत येते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. कास पठार त्यांपैकीच एक. फुले पाहण्यासाठी लोटणाऱ्या गर्दीच्या पायांखाली फुलेच तुडवली जाऊ लागली, तेव्हा तेथे प्रवेशशुल्क आणि दैनंदिन पर्यटकसंख्येची मर्यादा हे उपाय योजावे लागले.

परंतु कायद्याचा हात प्रत्येक फांदीपर्यंत पोचत नाही. रस्ता रुंद करताना तोडलेला शंभर वर्षांचा आंबा कागदावर एकच झाड म्हणून नोंदला जातो. त्यावरच्या आमरी, त्यांची बुरशी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मधमाश्या यांची नोंद कोठेच होत नाही. बदली म्हणून लावलेले रोप आमरीला आसरा देण्याजोगे व्हायला पुन्हा कित्येक दशके जावी लागतात. म्हणून जुने झाड, देवराई, उघडा वाटणारा कातळ आणि तळ्याचा ओला काठ या जागा ‘रिकाम्या’ नसतात, हे ओळखणे ही संरक्षणाची पहिली पायरी आहे. आमरीला माणसाने पाणी घालावे, खत द्यावे अशी तिची अपेक्षा नाही. तिचे घर तिच्याकडे राहू द्यावे, एवढीच तिची गरज आहे.

शब्दार्थ

अधिवास – सजीवाचे राहण्याचे नैसर्गिक ठिकाण
अपिवनस्पती – दुसऱ्या झाडाच्या आधाराने राहणारी, पण त्याचे अन्न न घेणारी वनस्पती
प्रदेशनिष्ठ – विशिष्ट प्रदेशातच आढळणारी
परागण – पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात पोचण्याची क्रिया
जांभा – कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर आढळणारा तांबूस सच्छिद्र खडक
छत्री – मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ बांधलेली वास्तू
निष्पर्ण – पाने नसलेले

तुम्ही काय शिकलात?

• आमरी हे सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून तिचे फूल ओष्ठ व परागाच्या गोळ्यांवरून ओळखता येते.
• काही आमरी झाडांवर, काही जमिनीवर, तर काही केवळ बुरशीच्या आधारे वाढतात.
• पावसाच्या प्रमाणाइतकेच हवेतील ओल टिकण्यालाही महत्त्व असते. म्हणून सह्याद्रीत जाती अनेक, तर बुंदेलखंडात थोड्या आहेत.
• झाड, बुरशी, कीटक आणि ओलावा हे सारे मिळून आमरीचे घर होते. यांपैकी एक जरी नाहीसे झाले, तरी आमरी टिकत नाही.

स्वाध्याय

१. ‘आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे’ हे विधान सकारण स्पष्ट करा.
२. कास पठारावरील भूआमरी आणि कोकणातील आंब्यावरची आमरी यांच्या जीवनक्रमाची तुलना करा.
३. पुण्यापेक्षा झाशीत पाऊस अधिक असूनही सह्याद्रीच्या घाटांएवढ्या आमरी झाशीच्या परिसरात का नाहीत?
४. व्हॅनिलाच्या उदाहरणावरून कोणती गोष्ट सिद्ध होते? तुमच्या शब्दांत लिहा.
५. ‘रिकाम्या वाटणाऱ्या जागा रिकाम्या नसतात’ या विषयावर दहा ओळी लिहा.
६. भाषाभ्यास : पाठातून ‘निद्रिस्त’, ‘विपुल’, ‘दुर्मीळ’ हे शब्द शोधा. त्यांचे विरुद्धार्थी शब्द लिहून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
७. उपक्रम : तुमच्या वस्तीतील सर्वांत जुने झाड शोधा. त्याच्या सालीवर, खाचांत व फांद्यांवर कोणकोणत्या वनस्पती व कीटक दिसतात, याची चार ऋतूंत नोंद ठेवा. काहीही तोडू किंवा उपटू नका.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १. ओष्ठ २. १,२५६ (आ) आमरीच्या बियांत अन्नाचा साठा नसतो. बियांत शिरलेल्या बुरशीकडून अंकुराला अन्न मिळते, म्हणून बुरशी आवश्यक असते.
२. (अ) १. चूक २. बरोबर (आ) जुन्या झाडांची साल भेगाळ असते. तिच्यात ओल, पाचोळ्याची भुकटी व बुरशी साठते आणि आमरीची वसाहत होण्यास पुरेसा काळ मिळालेला असतो.